ऐनावरचं मचाण

दिग्गी,
१७ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस,
नेत्राचा वाकून नमस्कार. वि. वि.

इकडं सगळं बरं हाय. दसऱ्याला तुम्ही याल म्हणून वाट पाहिली. वैनीनं पाठवलेला खोबऱ्याच्या नेवऱ्यांचा डबा मारुती कंडक्टरनं आणून दिला. डबा मोठा आणि नेवऱ्या थोड्या, तेव्हा वाटेत काहीतरी घडलं असावं. मी काही बोलले न्हाई, कारण हे पत्रही त्याच्याच हाती रामनगरच्या टपालात पडणार. फोन का करत न्हाईस म्हणता, तर रेंज मिळते ती वरच्या खडपावर, त्या उघड्या कातळावर, आणि तिथं वाऱ्यात अर्धं बोलणं उडून जातं. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की ह्यांना घराजवळच काम मिळालंय. ओढ्यापलीकडं किरण म्हणून एकानं जागा घेऊन पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. त्याला तिथल्या मोठ्या ऐनाच्या झाडावर मचाण पाहिजे. चांगलं तीस फूट वर, बसल्या जागी गवे आणि धनेश दिसावेत असं. नाताळच्या सुट्टीला पाहुणे येणार, त्याआधी व्हायला पाहिजे. काम हे आणि कान्हू मिळून करणार. कान्हू म्हणजे फुलाकाकीचा मुलगा, ह्यांचा चुलतभाऊ. आमच्या लग्नात तुम्ही ह्यांचा कान पिळत होता तेव्हा मागून येऊन तुमचाच कान पिळणारा तो.

झाड दोघांच्या कवेत मावत न्हाई एवढं हाय. पण जिथं फांद्या फुटतात त्याच्या खाली एक ढोली हाय, तिच्यात पोपट होते. हे माप घ्यायला चढले त्या दिवसापासून पोपट गेले ते परत आले न्हाईत. ढोली किती खोल हाय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, खांद्यापर्यंत हात घातला, तळ लागला न्हाई. आणि हसले. मला हसू आलं न्हाई.

तुम्ही रोज इमारतींना परांच्या बांधता, म्हणून लिहिलं. उगीच भितेय असं वाटलं तर तसं कळवा.

धाकटीवरची माया आहे तशी राहू दे.
तुमची
नेत्रा


वास्को,
२६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. नेत्रास,
अण्णाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. नेवऱ्यांचं ऐकून तुझ्या वैनीनं मारुतीला चार गोष्टी सुनावायच्या ठरवल्यात. माझी खात्री आहे की निम्म्या ती भरताना मीच खाल्ल्या, पण हे तिला कळवू नको.

उगीच भीत न्हाईस तू. दाजी झाडावर चढण्यात माझ्यापेक्षा दसपट सरस, हे मी कुठंही कबूल करीन. पण झाडावर चढून मध काढणं वेगळं आणि तिथं दहा माणसं बसवणं वेगळं. मध काढणारा स्वतःचं वजन ओळखतो. पाहुणा ओळखत न्हाई. तो हसतो, फोटो काढायला सगळ्यांना एका बाजूला बोलावतो.

म्हणून मचाण झाडाला टांगू नका. जमिनीतून चार खांब घ्या आणि त्यांच्यावर बसवा, झाड नुसतं सोबतीला असू दे. कडेला कमरेएवढा कठडा पाहिजे, आणि पायाशी एक फळी आडवी, म्हणजे हातोडी निसटली तरी खाली कुणाच्या डोक्यात पडणार न्हाई. शिडी चार हात वर जात असेल तर तिचा पाय एक हात बाहेर ठेवायचा. फार उभी केली तर माणसाला मागं टाकते, फार आडवी केली तर स्वतः घसरते. वरचं टोक बांधायचं, आणि ते मचाणाच्या वर दोन हात निघालेलं पाहिजे, नाहीतर उतरताना धरायला काही राहत न्हाई. चढताना हात मोकळे ठेवायचे, हत्यार मागाहून दोरीनं ओढून घ्यायचं. शिडीवरून अंग बाहेर काढून लांबचं काम करायचं न्हाई, खाली उतरून शिडी सरकवायची. इथं माझ्या हाताखालच्या नवीन माणसांना मी हे इतक्या वेळा सांगतो की ते मला पाठमोरा बघून माझीच नक्कल करतात.

सोबत पोटपट्टा, म्हणजे उंचावर काम करताना कमरेला बांधायचा पट्टा, आणि दोर पाठवलाय. त्याचा हुक डोक्याच्या वर, दुसऱ्या कुठल्यातरी भक्कम जागी अडकवायचा. ज्या मचाणावर उभं आहे त्याच मचाणाला कधीही न्हाई.

ढोलीचं मला आवडलं न्हाई. झाडाला खालून वर ठोकत जा म्हणावं आणि आवाज कसा येतो ते कळवा. हे मी सांगितलं म्हणून सांगू नको, तुला सुचलं म्हणून सांग.

तुझ्या पत्राची वाट बघतोय, विसर पडू देऊ नको.
तुझा
अण्णा


दिग्गी,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
नेत्राचा नमस्कार. वि. वि.

दिवाळी झाली, भातकापणी चालू हाय. कंबर मोडून गेली, म्हणून उशीर झाला.

मला सुचलं म्हणून सांगायला गेले आणि दुसऱ्याच वाक्याला पकडले गेले. पोटपट्टा म्हणजे काय हे मला कुठून सुचणार? हे म्हणाले, अण्णांना सांग, मी काय वास्कोच्या इमारतीवर लोंबकळत न्हाई. रागावले न्हाईत. दुसऱ्या दिवशी मात्र शिडीचं वरचं टोक बांधलं, पायही बाहेर घेतला. कान्हूनं पट्टा घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि मला विचारलं, वैनी, मी आता बैलासारखा दिसतो का. फुलाकाकी हसून हसून खाली बसली.

खांबांचं ह्यांनी किरणला विचारलं. तो म्हणाला, खांब दिसले तर मजा गेली, झाडात तरंगल्यासारखं दिसायला पाहिजे, लोक त्याचसाठी येतात. मग खोडाला भोकं पाडून लोखंडी बोल्ट घालायचं ठरलं.

परवा कान्हूच्या पायाखाली शिडीचा दांडा फिरला. हातानं धरून लोंबकळला, खांदा दुखावला. घरी येऊन त्याची गोष्ट करून सांगितली, पण पाण्याचा तांब्या डाव्या हातानं उचलत होता.

आणि काल भोक पाडताना आतून पाणी आलं. किरण म्हणाला, ऐनाच्या पोटात पाणी असतंच, जंगलातली माणसं पितात. ते खरं हाय, मीही प्यालेय. पण ते स्वच्छ असतं, थोडं आंबट. हे काळं होतं आणि कुजक्या पेंढ्यासारखा वास येत होता. ह्यांच्या सदऱ्यावर पडलं ते धुतलं तरी गेलं न्हाई. मी विचारलं तेव्हा म्हणाले, बघू. आज उजाडायच्या आत उठून झाडाकडं गेले. कोयतीच्या पाठीनं ठोकल्याचा आवाज मला घरापर्यंत ऐकू येत होता. एकदा ठोकायचे, मग बराच वेळ काही न्हाई, मग परत.

घरी आल्यावर आवाज कसा आला ते सांगितलं न्हाई.

लवकर लिहा. आठवणीत असू द्या.
नेत्रा


वास्को,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नेत्रास आशीर्वाद. वि. वि.

इकडचं कुशल आहे, ते राहू दे. हे पत्र दाजींच्या हातात दे. खालचं त्यांच्यासाठी आहे.

दाजी, काळं पाणी म्हणजे झाड आतून गेलंय. बाहेरची साल आणि चार बोटं लाकूड एवढंच उभं आहे, आणि त्यातच आपण भोकं पाडली. तुम्ही हे माझ्याआधी ओळखलंत, नाहीतर पहाटे ठोकायला गेला नसता. काम थांबवा. शिडी काढून आडवी घाला. शिडी उभी असेल तर कुणीतरी चढतोच. माणसाचा स्वभावच तो. लोक हसले तर माझ्यावर ढकला, वास्कोचा मेव्हणा भित्रा आहे म्हणा.

इथं वरच्या मजल्याचा स्लॅब पडायचा आहे, काँक्रीट ओतायचं आहे, तोवर साहेब सोडत न्हाईत. पडला की मी येतो, मग दोघं मिळून खांबांचं मचाण बांधू. किरणला मी समजावतो.

तुमच्यावर माझा फार जीव आहे, हे तोंडावर कधी बोलता आलं न्हाई.
तुकाराम


दिग्गी,
५ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी ओसरीवर बसून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तसेच ओढ्यापलीकडं गेले. काम सोडलं. शिडी काढून आमच्या गोठ्यामागं आणून टाकली. मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी मी तुमच्या नावानं देवाला नारळ ठेवला.

पण किरण गोडीगुलाबीनं आला. आवाज न्हाई चढवला. तुमची तब्येत बरी नसेल तर राहू दे म्हणाला, आणि शिडी त्याची होती ती घेऊन गेला. मग बाहेरून माणसं आणली. उरलेल्या फळ्या त्यांनी बसवल्या, वर खुर्च्या मांडल्या, दिव्यांची माळ लावली. खालून बघितलं तर खरंच सुंदर दिसतं, अण्णा. म्हणूनच जास्त भीती वाटते.

पाहुणे यायला लागलेत. कान्हू तिथंच राहिला, वर चहा पोचवायच्या कामावर. मी त्याला बोलले, फुलाकाकी बोलली. तो म्हणतो, वैनी, मी पट्टा घालतो की.

हे रोज संध्याकाळी जाऊन झाडाखाली उभे राहतात, मग शिडी चढून बघतात. शिडी आणि मचाणाची फळी यांच्यात पहिल्यांदा बोट जात नव्हतं. आता दोन बोटं जातात. शिडी जागची हलली न्हाई, म्हणजे मचाणच झाडासकट मागं कलतंय. पाहुण्यांना सांगायला गेले तर किरण म्हणाला, माझ्या माणसांना घाबरवू नकोस. एका पाहुण्यानं ह्यांचा फोटो काढला.

अवकाळी पाऊस पडतोय. स्लॅब कधी पडणार?

नेत्रा


दिग्गी,
३० डिसेंबर २०२४

तुकाराम अण्णांस,
परशुरामाचा नमस्कार. वि. वि.

मी पत्र लिहीत न्हाई हे तुम्हांला ठाऊक हाय. नेत्रा लिहिते ते वाचतो. फोनवर कळल्यावर तुम्ही आलात, बाराव्यापर्यंत थांबलात, माझ्याशेजारी बसलात. काय झालं ते तुम्ही तवा विचारलं न्हाई, ते बरं केलंत. आता लिहितो.

त्या रविवारी पाऊस उघडला होता. मी गेलो तवा वर आठ माणसं होती. मी शिडी चढून फटीत हात घातला तर अख्खी मूठ आत गेली. बाकी काहीच न्हाई, अण्णा. वारा न्हाई, आवाज न्हाई. पानं पण हलत नव्हती.

मी शिडीवरूनच हाक दिली की उतरा. किरण धावत आला, पर माझं तोंड बघून त्यो पण बाजूला झाला. मी मचाणावर गेलो, शिडीच्या तोंडाशी फांदीला धरून उभा राहिलो. कान्हूनं खाली शिडीचा पाय दाबून धरला. एकेकाला सोडलं. तोंड शिडीकडं करून, आणि तुम्ही लिहिलं व्हतं तसं हात मोकळे ठेवून. एक म्हातारी बाई थरथरत होती. तिला मी सगळ्यांत शेवटी घेतलं, तिच्या खाली राहून तिचा एकेक पाय माझ्या हातानं दांड्यावर ठेवत आणला. सगळी उतरली. ती बाई मला सोडीना, म्हणून तिला धरून मी खोल्यांकडं निघालो.

तेवढ्यात कुणाचातरी कॅमेरा वर राहिला म्हणून किरणनं कान्हूला तो आणायला वर पाठवलं. मी न्हाई ऐकलं. ऐकलं असतं तर पाय धरून ओढला असता. कान्हूनं पट्टा घातला होता. हुक मचाणाच्याच कठड्याला अडकवला होता.

झाड ढोलीपाशी मोडलं. मोडल्याचा आवाज लाकडाचा न्हवता, ओला व्हता. जीप जोयड्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत त्यो गेला.

आता दुसरं. किरण परवा घरी आला. म्हणाला, पोलिसांनी विचारलं तर कान्हू आपल्या मनानं चढला असं सांग. न्हाईतर भोकं तू पाडलीस, बोल्ट तू बसवलेस, हे पण निघंल. त्यो म्हणतो ते खरं हाय. भोकं मीच पाडली. काळं पाणी मीच बघितलं आणि त्याच्यानंतर सुदीक दोन बोल्ट बसवले, मग थांबलो. उद्या मला जोयड्याच्या ठाण्यात बोलावलंय. मी सगळं सांगणार. फट किती व्हती, कुणी शिडी नेली, कुणी कान्हूला वर पाठवलं, आणि माझ्या हातचं काय हाय ते पण. नेत्राला सांगितलं. ती म्हणाली, सांगा. मला आत टाकलं तर तुम्ही तिच्याकडं बघाल, हे विचारायची गरज न्हाई, तरी लिहितो.

एक गोष्ट मात्र ठाण्यात सांगणार न्हाई. नेत्राला पण सांगितली न्हाई.

काल फुलाकाकी आमच्या अंगणात येऊन बसली. पाणी दिलं ते घेतलं न्हाई. मग तिनं एवढंच विचारलं, पडताना त्यानं हाक मारली का.

मारली होती, अण्णा. मचाण कलंडायला आणि खाली यायला मधे जेवढा वेळ गेला, तेवढ्यात त्यानं दोनदा माझं नाव घेतलं. दादा म्हणून. मी त्या बाईचा हात सोडवून घेत होतो.

काकीला मी न्हाई म्हणालो. झोपल्यासारखा गेला म्हणालो. ती उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी गेली.

तुमचा मायेचा हात आमच्यावर असू द्या.
परशुराम