दिव्यापुढचे शिंपले

पाली, १४ डिसेंबर १९३८

रेजिनाच्या बाबांस,

आज सकाळी बोंबील वाळत घातले. वारा चांगला आहे.

तुम्हांला जाऊन वर्ष झालेले नाही, म्हणून यंदा दाराला नाताळचा कंदील लावायचा नाही, असे मी रेजिनाला सांगितले होते. तिने मोडक्या खिडकीत काचेऐवजी बसवलेले पातळ शिंपले काढून, काड्यांना शिडासारखे बांधून आत दिव्यापुढे टांगले. भिंतीवर उजेडाचे शीड उभे राहिले.

काल संध्याकाळी तुमचे थोरले भाऊ इनास आले.

"दुखवट्याच्या घरात कंदील? काढ तो. गाव काय बोलंल?"

"कंदील न्हाय तो, भाऊ. तो राहील," मी म्हणाले. त्यांच्यापुढे असे मी कधी बोलले नव्हते.

ते भिंतीजवळ गेले आणि रेजिनाला म्हणाले, "शीड उलटं भरलंय, पोरी."

"वारा खाडीवरनं हाय, काका," रेजिना म्हणाली.

ते गेले. शिंपल्यांना हात लावला नाही.

पोरीला पुढेही हेच शिंपल्यांचे काम करायचे आहे आणि मी तिला ते करू देणार आहे.

शिडाचे टोक जिथे पडते तिथे देवळात मिसाला जाताना तुम्ही घालायचा तो कोट टांगलेला आहे. त्यावर उजेड मोडतो, शीड पुरे दिसत नाही. रेजिना विहिरीवर गेली आहे, तोवर कोट काढून, घडी करून पेटीत ठेवते.

तुमची,
मार्था