आपल्यात असलं नाव ठेवत नाहीत

७ जानेवारी २०२५

आणली! शीवच्या संस्थेतून लालबागपर्यंत टॅक्सीत पोरगी एक शब्द बोलली नाही. दोन वर्षांची आहे. नाव संघमित्रा, संस्थेतल्या बायकांनी ठेवलेलं. हितेंद्र पुढे बसून सारखा मागे वळून बघत होता. मी तिचा हात धरला होता, तिने माझा धरला नव्हता. चालेल. होईल सवय.

दत्तकाचा हुकूम आणि तिचा पासपोर्ट हातात पडेपर्यंत इथे सासूबाईंकडे राहायचं. मग तिघांनी डब्लिनला, आपल्या घरी. तोवर कागदोपत्री ती आमच्याकडे फक्त सांभाळायला आहे. फक्त म्हणे!

सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या असतील असं मला उगाच वाटलं होतं. त्या आत टीव्ही बघत होत्या.

८ जानेवारी

दौलत भावोजी सकाळी सकाळी हजर. थोरले दीर. चाळ पाडून टॉवर झाला, दोघा भावांना वेगवेगळे मजले मिळाले, तरी यांचा चहा अजून आईकडेच. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "नाव बदला हां आधी. आपल्यात असलं नाव ठेवत नाहीत."

असलं म्हणजे कसलं, भावोजी?

"तुका कळता सगळा."

कळतं की. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मनात जात, आणि बोलायला जीभ रेटत नाही! नाव बदलणार नाही. दोन फ्रॉक आणि हे नाव, एवढंच तिचं स्वतःचं आहे. फ्रॉक तर आखूड होतील.

हितेंद्र कपात बघत बसला होता. मग भांडले त्याच्याशी. म्हणे दादाशी कशाला वाद, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न. दोन-तीन महिन्यांचा नाही रे बाबा, तिच्या जन्माचा आहे.

१३ जानेवारी

आज माझ्या हातून वरणभात खाल्ला. सगळा!

१६ जानेवारी

संक्रांत झाली, म्हणून सासूबाईंना म्हटलं, बोरन्हाण करू या. मान वर न करता म्हणाल्या, "ता घरातल्या पोरांचा करतत."

घरातल्या! मग ही काय जिन्यात झोपते? उठले, पर्स घेतली आणि तशीच हिंदमाताला गेले. झबल्यासाठी काळं कापड घेतलं, चांगल्यातलं. येताना हलव्याचे दागिने, बोरं, चुरमुरे. घरात कोणाला काही सांगितलं नाही. मजल्यावरच्या सगळ्या पोरांना आमंत्रण देऊन आले.

१९ जानेवारी, रविवार

पोरं जमली. हिला मधे बसवलं, काय सुंदर दिसत होती! मी डोक्यावरून बोरं ओतली, पोरांनी झुंबड केली — आणि ही जी किंचाळली! उठून पळाली आणि नेमकी सासूबाईंच्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली. "सोड गो, माका कामा आसत," म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मी घ्यायला गेले तर हिने साडी घट्ट धरलेली. बोटं सोडवावी लागली.

माझी जाऊ अक्षदा दारातून हसत होती. "हौस तुझी, आणि घाबरली ती."

हसा. पुढच्या वर्षी परत करीन. तिकडे बोरं नाही मिळाली तर द्राक्षं टाकीन.

१० फेब्रुवारी

पोरीच्या गालावर हे एवढं काळं! सासूबाईंनी तीट लावली होती. विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, "नजर काय जात बघान लागत नाय."

आल्याच शेवटी जातीवर! पुसून टाकली. संध्याकाळी बघते तर परत लावलेली.

७ मार्च

हुकूम झाला. आता कायद्याने माझी! पेढे वाटले सगळ्या मजल्यांवर. भावोजींकडे एक पुडा जास्तच दिला.

२९ मार्च

पासपोर्ट आला. फोटोत कोणावर तरी चिडलेली दिसतेय, माझीच शोभते. संघमित्रा हितेंद्र परब. भावोजींना मुद्दाम वाचायला दिला. "बरा," म्हणाले.

बॅगा भरायला घेतल्या तर सासूबाईंची सारखी लुडबुड. कुळथाची पिठी आणून कोंबली. "तिका पिठी लागता." मी म्हटलं, तिला काय लागतं ते मला माहीत आहे. उठून स्वयंपाकघरात गेल्या त्या जेवायलाच बाहेर आल्या. कधी एकदा या घरातून निघते असं झालंय.

५ एप्रिल

आज रात्रीचं विमान. निघण्याआधी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं. घरातला कर्ता पुरुष घालतो, म्हणून भावोजी पुढे. "बा देवा म्हाराजा, आज तुझो हितेंद्र, तुझी सून परदेशाक निघाली. त्यांची राखण कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." आणि भावोजी वाकले नारळ उचलायला.

झालं? तिसरं माणूस?

मी म्हटलं, थांबा. हात जोडले. मी गिरगावातली, माझी मालवणी मोडकी, शिवाय बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. घातलं! "बा देवा म्हाराजा, ही संघमित्रा हितेंद्र परब. ह्या घराची लेक. भावोजी तिचं नाव घ्यायला विसरले, तू विसरू नको रे म्हाराजा."

भावोजी लालेलाल. मग माझ्या शेजारून आवाज आला, "होय म्हाराजा." हितेंद्र. एकटाच, पण चांगला मोठ्याने. भावाकडे बघून. लग्नाला अकरा वर्षं झाली, आज मला तो खरा आवडला.

माझे हात जोडलेले म्हणून पोरगी सासूबाईंच्या कडेवर होती. तोंडात पदर धरून भिंतीकडे बघत होत्या. लाज वाटली असेल सुनेची. वाटू दे. खाली गाडीपर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

९ एप्रिल, डब्लिन

जिंकून आले, आणि पोरगी दाराशी बसून आहे. चपला स्वतःच घातल्यात, उलट्या. "आजी. आजी." दुसरा शब्द नाही. मला हात लावू देत नाही. सगळ्यांशी भांडले हिच्यासाठी, आणि हिचं माणूस कोण ते मला दिसलंच नाही. खूप रडले. मग लालबागला फोन लावला.

सासूबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे हिचं आजी, आजी चाललेलं. त्यांनी ते ऐकलं. नाक ओढलं आणि म्हणाल्या, "माझो पासपोर्ट कसो काढतत गो?"