चिमटीतलं सूत

सोलापूर, ९ फेब्रुवारी १९७६

दिवेलागणीला यांना जीवनसत्त्वाची लाल गोळी दिली. कॅन्सरच्या इंजेक्शनांनी बोटांच्या नसा बधिर होतात, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलीय. "उपयोग होईलच असं नाही," असंही ते म्हणाले. तरी मी एक गोळी चुकू देत नाही. वेडी आशा, दुसरं काय?

गोळीनंतर आमचा रोजचा खेळ. हे डोळे मिटतात, मी सुताची दोन टोकं चिमटीत देते. अठरा वर्षं मागावर चादरी विणलेला, न बघता गाठ मारणारा माणूस. आज सूत केव्हाच मांडीवर पडलं होतं आणि बोटं हवेतच गाठ मारत होती. किती संथ! पाण्याखाली काही विणत असल्यासारखी. मी बघतच राहिले.

"बसली का गं गाठ?"

"बसली की."

"मग वडून बघ."

विणकर गाठ ओढून बघितल्याशिवाय सोडत नाही, हे कशी विसरले मी? घाईत त्यांच्या चिमटीत माझं बोट सरकवलं आणि हळूच ओढलं.

त्यांनी चिमटी चोळून बघितली. डोळे मिटलेलेच. मग हसले.

"ह्ये सूत न्हाय, तुझं बोट हाय. शिवून शिवून लई खरखरीत झालंय की."

खोटं पकडलं गेलं, आणि मला आनंदानं रडूच फुटलं. कळलं त्यांना! गोळीचा गुण? की एवढी खरखरही कळू नये इतका बधिरपणा अजून आलाच नाही? कुणास ठाऊक.

त्या बोटाला मी रोज खोबरेल लावते. आज बाटली उघडली आणि तशीच बूच लावून ठेवून दिली.