ब्रशवरचं कुंकू

२१ सप्टेंबर, रविवार. स्टर्लिंग, स्कॉटलंड

सई आज पुन्हा बर्फावर उतरली. ओवी अजून चार महिन्यांचीसुद्धा नाही. म्हटलं, अगं, बाळंतपणातून नीट उठली नाहीस, एवढी कसली घाई? म्हणे, "आई, घाई नाही, लेट झालाय."

टीममध्ये चौघी. कॅप्टन फिओना, तिला स्किप म्हणतात. तिने सईची जागा राखून ठेवली, तात्पुरती दुसरी मुलगी घेतली. आता ऑक्टोबरातल्या दोन मॅचेस बघून ठरवणार, सीझनभर सई की ती मुलगी. माझा लेक निनाद म्हणतो, यंदा जागा गेली की गेलीच. सून लग्नाआधीपासून या टीममध्ये आहे, त्यामुळे घरात सगळे दबकून.

खेळ काय, तर कर्लिंग. जड दगड बर्फावरून घसरत सोडायचा आणि दोघींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं, म्हणजे तो लांब जातो. घासण्यात सई पटाईत. घरात केर मात्र नि. काढतो! माझं मत मी माझ्याजवळ ठेवलंय. मत हेच, की यंदा हिने घरी बसावं.

२४ सप्टेंबर

ओवी बाटली घेत नाही. थू थू करते, तोंड फिरवते. म्हणून प्रॅक्टिसला मी आणि ओवी पण. मधल्या सुट्टीत सई धावत वर येते, चेंजिंग रूममध्ये पाजते, परत खाली. अंग घामाने निथळतंय आणि हात बर्फासारखे. मी आधी ते हात माझ्या शालीत धरते, मगच बाळ देते.

डिंकाचा लाडू पुढे केला. "आई, हाफ." "अर्धा बिर्धा नाही, गप खा." खाल्ला. मग विचारते, "ओवी सकाळी नीट झोपला होता का?" म्हटलं, झोपली होती, आणि तुझी मराठी ऐकून उठली. तिकडे लंडनच्या पिनरमध्ये वाढलेली पोर, हसत सुटली. हसली की लहान दिसते.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी

पूजा छान झाली. पाटावर नि.चा लॅपटॉप, मिक्सर, माझी विळी (बॅगेतून आणली, नि. अजून बोलतो त्यावरून), आणि सईचा ब्रश न् बर्फावरचे शूज. झेंडू मिळाला नाही, पिवळी शेवंती वाहिली. ब्रशला चांगलं बोटभर हळदकुंकू लावलं. ज्याच्या जिवावर खेळते त्याला नको का?

सई आंघोळ करून आली. बघून क्षणभर थबकली. मग वाकून नमस्कार केला, म्हणाली, "थँक यू, आई." गुणाची आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

हरल्या. शेवटचा दगड आमचा. सई आणि एकजण जीव तोडून घासत होत्या, छान चालला होता, आणि एकाएकी वाकडा होऊन थांबलाच. फिओनाने दगड उलटा करून पाहिला, बोटाने काहीतरी काढलं. सईने हात वर करून काहीतरी सांगितलं. काचेमागे मला काय कळणार. विचारलं तर, "काही नाही आई, कचरा होता."

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना प्यायला द्यायचं, अशी यांची पद्धत. सगळ्या एकाच टेबलावर. मला आवडली. सई सगळ्यांशी हसून बोलली. ओवीला घेतल्यावर मात्र तिच्या टोपीत तोंड खुपसून कितीतरी वेळ बसली.

५ ऑक्टोबर

कुंकू होतं ते. माझं.

सकाळी मीच नि.ला म्हटलं, हरल्या ना, पुढच्या मॅचआधी ब्रशला परत कुंकू लावू या. त्याचा चेहराच पडला. मग सांगावं लागलं त्याला. सईने ब्रशचं पॅड बदललं होतं, दांडा पुसला होता, पण खाचेत कण राहिले. बर्फावर केस पडला तरी दगड अडतो म्हणे. सई तिथे एवढंच म्हणाली, माझ्या ब्रशमधून पडलं, चूक माझी. आणि घरी याला तंबी, आईंना सांगायचं नाही.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सई जवळ येऊन बसली. "आई, तुम्ही किती प्रेमाने केलं. मी नीट क्लीन करायला पाहिजे होतं." मला रडू फुटलं, आणि मग रागच आला. म्हटलं, तोंड शिवलं होतं का तुझं? "आई, नको" म्हणता येत नाही? आपल्यात हे लपवालपवीचं चालणार नाही.

तर म्हणते, "माझा ब्रशची पूजा कोणीच केला नव्हता कधी. नको कसं म्हणू?"

तिच्या केसांना तेल लावत बसले.

११ ऑक्टोबर, शनिवार

जिंकल्या!! ओवीला पाजून खाली गेली ती वाघिणीसारखी खेळली. पण शेवटी शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायला लागली, तोंडाचा रंग उडालेला. मी पाहिलं. फिओनानेही पाहिलं, मी तिच्याकडेच बघत होते.

नंतर टेबलाशी ओवीला कडेवर घेऊन सरळ फिओनाकडे गेले. माझं इंग्लिश जसं आहे तसं. सांगितलं, ते लाल माझं होतं, आमच्यात वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, सईचा काही दोष नाही. ती म्हणाली, जिंकावं म्हणून करतात? म्हटलं, छे छे, हत्याराचे आभार मानायला. जिंकायचं काम तुमचं. मोठ्याने हसली, माझा हात धरला.

मग हळूच म्हणाली, तो दगड मी केव्हाच विसरून गेले. पण शेवटी तिचा दम संपतो. तुम्हाला दिसलं ना?

खोटं कसं बोलू? हो म्हटलं. पण रोज थोडा वाढतोय, हेही सांगितलं. तिने मान हलवली. मंगळवारी फोन करते म्हणाली.

गाडीत सईला सगळं सांगून टाकलं. लपवायचं नाही असं मीच म्हटलेलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "मला पण कळतो, आई."

१२ ऑक्टोबर

परतीचं तिकीट दिवाळीनंतरचं. नि.ला म्हटलं, पुढे ढकल, ख्रिसमसपर्यंत व्हिसा आहे. "अगं, अजून ठरलंय कुठे?" तू ढकल तर आधी. पोरगी खेळायला गेली तर बाळाला कोण बघणार, आणि नाही गेली तर तिला कोण बघणार?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फोन आला. सई बागेत गेली घेऊन. पाऊस भुरभुरतोय, पायात नुसते मोजे. ओवी झोपलीये, नि. मीटिंगमध्ये. मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, नाहीतर हातांचं काय करू कळत नाही.

सकाळी देवापुढे बसले. आल्यापासून म्हणत होते, हिने घरी बसावं. आज तोंडातून निघालं, टीममध्ये घेऊ देत तिला. माझं मलाच नवल वाटलं. पण मला खरंच तिला तिथे बघायचंय.

खिडकीतून पाठच दिसतेय तिची. मान हलवते, पण ती हो ची की ऐकून घेण्याची, कळत नाही. आता एक हात डोक्यावर ठेवलाय. बाई गं.

फोन खाली घेतला. वळत नाही अजून. नुसती उभी आहे.

छत्री घेऊन जातेच बाहेर. हो असो, नाही असो, पोरगी एकटी नको उभी राहायला पावसात.