थोरलीच्या पोटचा

ऑकलंड, रुग्णालयाचा सातवा मजला
मंगळवार, बेचव खिचडीसारखं काहीतरी परत पाठवल्यानंतर

चि. लाफाएले यास,

पेलेनातोचा मनापासून नमस्कार. (आशीर्वादच लिहिणार होतो, पण ज्याच्याशी सहा वर्षं बोललो नाही, त्याला एकदम आशीर्वाद दिले तर तो घाबरायचा.) तुझी तब्येत, मावशीचे गुडघे, घरची डुकरं आणि गेल्या वादळात उडालेलं स्वयंपाकघराचं छप्पर, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. माझी तब्येत तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो. मला रक्ताचा कॅन्सर झालाय. फेब्रुवारीत हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी ब्रशला शिव्या घातल्या, तीन ब्रश बदलले, चौथा घ्यायच्या आत दुकानातच चक्कर येऊन पडलो.

तेव्हापासून इथे आहे. औषधाच्या तीन फेऱ्या झाल्या. केस गेले त्याचं मला काही नाही. पण भुवयाही जातात हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. भुवया नसलेला माणूस रागावला तरी कुणाला कळत नाही रे! काल मी नर्स ग्लेनिसवर चांगला डोळे वटारून बसलो होतो, तर बाई म्हणते कशी, आज अगदी प्रसन्न दिसताय. बाहेरचं खाणं बंद, फुलं बंद, माणसांची गर्दी बंद. हे आपल्या लोकांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चर्चच्या एकवीस बायका तारोचे उकडलेले कंद आणि अख्खं भाजलेलं डुक्कर घेऊन आल्या. खोलीत येऊ देईनात, म्हणून त्यांनी लिफ्टसमोर उभं राहून माझ्यासाठी गाणं म्हटलं, चारी कडवी, सगळ्या आवाजांत. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याला वाटलं, आपली वेळ भरली. त्याने घंटा वाजवून पाद्री बोलावला. (डुक्कर वॉर्डातल्या डॉक्टरांनी खाल्लं. छान झालं होतं म्हणे.)

आता खरी गोष्ट सांगतो.  कॅन्सर सध्या दबलाय, गेलेला नाही. तो पुन्हा डोकं वर काढायच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी रक्ताचं बी माझ्यात पेरायचं, तरच मी जगणार. पण ते बी जुळायला हवं. जगभरची यादी धुंडाळून झाली. तिच्यात आपल्या बेटांवरची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एकही बोट माझ्या कामाचं नाही. मग ग्लेनिसने विचारलं, सख्खी भावंडं किती? मी उशीवरच छाती काढून सांगितलं, चार! ती म्हणाली, छान, सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हटलं, मग झालंच की, चार आहेत म्हणजे एक नक्की. हिशेब तसा चालत नाही म्हणाली. आमच्याकडे चालतो, मी म्हटलं.

चौघा भावंडांसाठी कापसाच्या काड्या आल्या. गालाच्या आतून फिरवायच्या, नळीत घालायच्या, एवढंच काम. पण आपल्या घरात एवढंच असं काही नसतं. फिलिपोने तीनदा विचारलं, यानं आवाज जाईल का. तो चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातो आणि देव दर रविवारी फक्त त्याच्यासाठी येतो अशी त्याची समजूत आहे. सेलेपाने काडी तोंडात घालण्याआधी जी प्रार्थना सुरू केली ती संपेपर्यंत ग्लेनिस दोन रुग्ण बघून आली.

दहा दिवसांनी निकाल लागला. ग्लेनिस आत आली आणि खुर्ची ओढून बसली. लाफाएले, नर्स खुर्ची ओढून बसली की माणसाने समजून जावं. एकाचंही जुळलं नव्हतं. वर ती हळूच, अंगठी फिरवत विचारते, तुम्ही पाचही जण एकाच आईवडिलांचे ना? अस्सा संतापलो मी! बाई, म्हटलं, मी घराण्याचा मताई आहे, प्रमुख! सात पिढ्यांची नावं मला उलटीसुलटी पाठ आहेत, आणि तुम्ही मला बाप विचारता? थांबा, म्हटलं, माझी आई अजून जिवंत आहे, तिच्याच तोंडून ऐका. लावला गावी व्हिडिओ फोन. आईने नेहमीप्रमाणे आधी छत दाखवलं, मग स्वतःचा कान दाखवला. मी ओरडून म्हटलं, आई, ह्या बाईला सांग, मी कुणाच्या पोटचा!

"कुणाच्या म्हणजे?" आई म्हणाली. "तुझ्या मावशीच्या. जेवलास का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.  आई आपली डाळीतला खडा सांगावा तशी सांगतेय: लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून धाकटीने तिचा पहिला मुलगा उचलून माझ्या मांडीवर दिला. मग तुझ्याच पायगुणाने मला पुढची चार झाली. आणि धाकटीला वर्षाने लाफाएले झाला. मी म्हटलं, अठ्ठावन्न वर्षांत सांगावंसं नाही वाटलं? तर म्हणे, तू कधी विचारलंस?

मी कोपऱ्यात बसलेल्या सेलेपाकडे पाहिलं. ती साखरेच्या पुड्या मोजत होती. तिला ठाऊक होतं. फिलिपोला ठाऊक होतं. फिलिपोच्या बायकोला ठाऊक होतं! गावाला, चर्चला, दुकानवाल्याला ठाऊक. लेकराची देवाणघेवाण आपल्याकडे घरोघरी होते, त्यात लपवायचं काय, म्हणून कुणी लपवलंच नाही. फक्त मला सांगायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं. मी म्हटलं, अगं, मग सहा वर्षांपूर्वी कोर्टात मी काय काय बोललो ते तुम्ही ऐकून घेतलंत कसं? सेलेपा म्हणाली, आम्हाला वाटलं तू खोटं बोलतोयस.

लाफाएले, मग मी एकेक आठवत गेलो. गावातल्या म्हाताऱ्यांची सेवा तू केलीस, चुलीपुढे धूर तू खाल्लास, आणि मताईपद मागायला विमानाने मी आलो. कोर्टात अख्ख्या घराण्यासमोर उभा राहून म्हणालो, मी थोरलीच्या पोटचा. धाकटीच्या पोटच्याने मागे बसावं. पद मिळवलं, आणि तू उलटून एक शब्द बोलला नाहीस म्हणून वर तुझ्याशीच अबोला धरला. मी खोटं बोलत नव्हतो रे, देवाशपथ. मी नुसता मूर्ख होतो. माझ्या बाजूने सांगता येईल असं एवढंच आहे.

बाकी इथे हवा थंड आहे. आता ग्लेनिस सुई घेऊन आली आहे, तेव्हा थांबतो. घरातल्या सगळ्यांना, आणि डुकरांनाही, माझी आठवण सांग.

तुझा (काय लिहू? आजवर मावसभाऊ लिहीत होतो),
पेलेनातो

ता.क. फिलिपोची बायको शुक्रवारच्या विमानाने हे पत्र घेऊन येईल. पाकिटात एक नळी आहे, तिच्यात कापसाची काडी आहे. दात कोरू नकोस तिने. गालाच्या आतून फिरव आणि फिलिपोच्या बायकोच्याच हाती परत दे. मागायला तोंड नाही मला, तरी मागतो, कारण मला मरायचं नाही. सख्खा म्हणावा असा तू एकटाच आहेस. जुळेलच असं नाही, चारात एक.

ता.क. २. मताईपद मी सोडतोय, आणि ते काडीच्या बदल्यात नव्हे. काडी दिली नाहीस तरी सोडतोय. सेलेपाला लेखी दिलंय.

ता.क. ३. पाकीट चिकटवून झालं होतं, पुन्हा फोडलं. सेलेपा आत्ता सांगते, त्या दिवशी कोर्टात तू सगळं सांगायला उठला होतास, आणि मावशीने तुझा शर्ट ओढून तुला खाली बसवलं. म्हणाली, बोलू दे त्याला, तोही माझाच आहे. माझ्या तोंडून "धाकटीच्या पोटचा" ऐकून ती असं म्हणाली, लाफाएले. ऐकल्यापासून माझं रडं थांबत नाही. तुझी काडी जुळो न जुळो, तिला घेऊन ये. गुडघे दुखतात म्हणेल, ऐकू नकोस. मला तिला एकदा हाक मारायची आहे. काय म्हणून मारायची ते अजून ठरलेलं नाही. पण विमानाला चार तास लागतात, तेवढ्यात ठरवीन.