बेंचवर तूच बस

प्रिय छोट्या,

माझं पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. ताईनं पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी बिनसलंय. बिनसलंय खरंच. पण फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू "ताई, ऐक ना" म्हणाला असतास, आणि तुझं "ऐक ना" एकदा सुरू झालं की माझं बोलणं बाजूला राहतं, हे लहानपणापासून चालत आलंय. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

परवा दुपारी मी दुकानात एका आजोबांना नवा चष्मा बसवत होते. कानामागे टोचतोय का, नाकावरून घसरतोय का, ते बघत होते, तेवढ्यात आमच्या बास्केटबॉल पंच संघटनेचे सचिव आत आले. स्वतःचं औषधांचं दुकान भर गिऱ्हाइकात सोडून. चेहरा असा, की घरात एखादं कार्य ठरलंय. आजोबा आरशात स्वतःला न्याहाळतायत तोवर सचिवांना राहवेना. "ताई, यंदाची फायनल तुमची!" म्हणाले. मी म्हटलं, फायनलला माझ्या भावाची टीम आहे, माझी कशी होईल? तर म्हणाले, "भाऊ बेंचवर बसणारच नाहीये. त्यानं लिहून दिलंय. सहायक कोच टीम सांभाळेल. मग नियम आडवा येतोच कुठे?" समोरच्या टीमच्या मिशीवाल्या सरांनाही त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणे हसत म्हणाले, "ताई असतील तर हरकत कसली? उलट भावाच्याच टीमच्या मुलींना दोन फाऊल जास्त पडतील." म्हणजे सगळं ठरलं होतं, फक्त नवरीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

तू हे मला न सांगता केलंस. त्याचा राग आधी आला, आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचलंच नाही. आजोबांच्या हातात मी त्यांच्या चष्म्याऐवजी दुसऱ्याच कुणाची डबी दिली. ते भले गृहस्थ, दारातून परत आले.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मी शिट्टी हातात घेतली तेव्हा तू अजून खेळत होतास. माझा गुडघा गेला आणि खेळणं सुटलं, तेव्हा सगळे म्हणाले की आता हिनं घरी बसावं. मी घरी बसले नाही, पंचांच्या परीक्षेला बसले. तेव्हापासून शाळांच्या स्पर्धा, कारखान्यांच्या स्पर्धा, गळक्या छपराखाली, उन्हात तापलेल्या सिमेंटवर, कुठे नाही म्हटलं नाही. "अहो बाई, चष्मा लावा!" असं प्रेक्षकांतून ओरडणाऱ्या किती जणांना नंतर मीच चष्मा विकलाय. एवढं करून शहराच्या फायनलला मात्र मी कधीच उभी राहिले नाही. कारण तू. संघटनेचा नियम सरळ आहे: टीममध्ये नात्यातलं कुणी असेल, खेळाडू असो नाहीतर कोच, तर त्या सामन्याला शिट्टी घ्यायची नाही. आणि तू पडलास असा कोच, की तुझ्या मुली जवळजवळ दरवर्षी फायनलला. सेमीफायनलपर्यंत मी, पुढे दुसरं कुणीतरी. ज्या पोरांना शिट्टी तोंडात कशी धरायची ते मी शिकवलं, ती फायनल करून आली. तू चांगला कोच झालास आणि माझं नशीब फुटलं, असं मी आईजवळ कितीदा तरी हसत म्हटलंय. आई हसायची नाही.

आणि आता पन्नाशी. पन्नास पूर्ण झाली की मैदानावरची शिट्टी थांबते, हाही नियमच. पुढे निरीक्षक म्हणून बाजूला खुर्ची टाकून बसता येतं, नव्या पंचांना गुण देता येतात, पण आत उतरता येत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे तू मनात धरून ठेवलंस आणि स्वतःची खुर्ची माझ्यासाठी रिकामी केलीस. छोट्या, दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा वाढलास, तरी तुझं वागणं अजून तेच. लहानपणी माझा आवडता घास नको नको म्हणत माझ्या ताटात सरकवायचास.

काल तुझी बायको दुकानात आली. निमित्त चष्म्याच्या ढिल्या दांडीचं. दांडी घट्टच होती. मी उगाच स्क्रू फिरवल्यासारखं केलं आणि ती बोलेपर्यंत थांबले. ती म्हणाली, "ताई, हे दोन दिवस जेवणावर नाहीत. अंगणात एकटेच हात हलवत फेऱ्या मारतात. मुलींना सांगितलं तर त्यांतली एक रडली, म्हणाली, सर, आम्ही काय चुकलो?" मग म्हणाली, "तुम्ही त्यांना काही बोलू नका. ताईला आनंदानं घेऊ दे, एवढंच त्यांचं म्हणणं आहे." मी तिला बोलणार नाही असं वचन दिलं. लिहिणार नाही असं दिलेलं नाही.

आता माझं ऐक. तू बेंचवरून उठलास म्हणून नातं उठून जात नाही. त्या टीमची प्रत्येक मुलगी चेंडू कसा झेलते, पाय कुठे रोवते, चिडली की ओठ कसा चावते, ते सगळं तुझं आहे. मी मैदानात उतरले तर मला तिथे बारा ठिकाणी तूच दिसशील. तुला आठवतंय का, हा नियम होण्याआधी मी तुझ्या एका सामन्याला पंच होते? शेवटच्या मिनिटांत तू त्या ढेरपोट्या बँकवाल्याला अडवलंस आणि मी तुझा पाचवा फाऊल दिला. पाच झाले की बाहेर. तू बाहेर गेलास, तुमची टीम हरली, आणि घरी तू माझ्याशी बोलायचा बंद झालास. आई तुला आधी वाढायची, मला नंतर, म्हणजे एका पंगतीत भांडण नको. तो फाऊल होता. आजही शपथेवर सांगेन, होता. पण मी आयुष्यात हजारो फाऊल दिले असतील, त्यांतला एकही मला आठवत नाही, आणि हा एक मात्र मी अजून मनात लावून लावून बघते. तुझा हात आधी लागला की त्याचा खांदा? दुसऱ्या कुणाचा असता तर घरी येईपर्यंत विसरले असते. नियम त्यासाठी असतो रे. आपल्या माणसाच्या बाबतीत पंच लबाडी करेल म्हणून नसतो. लबाडी केली नाही, हे त्याचं त्यालाच कधी पटत नाही, म्हणून असतो.

शिवाय मी सूट घेऊ कुठल्या तोंडानं? आमचा लांब्या तुला माहीत आहे, दातांचा डॉक्टर, माझ्याबरोबर कितीतरी सामने केलेला. मागच्या हंगामात त्याला सेमीफायनल मिळाली आणि एका टीममध्ये त्याचा पुतण्या निघाला, तोही राखीव खेळाडू, खेळेल याचीसुद्धा खात्री नाही. लांब्या नियम समितीपुढे आला, म्हणाला, पोरगं बेंचवरून हलणारही नाही, एवढी एक मॅच करू द्या. समितीत मी होते. बाकीचे गप्प बसले, नाही मी म्हटलं. लांब्या एक शब्द उलट बोलला नाही. सामन्याच्या दिवशी पांढरे बूट घालून दारात उभा राहिला आणि प्रेक्षकांना जागा दाखवत राहिला. आता मी त्याच्यासमोरून शिट्टी गळ्यात घालून आत जाऊ? त्यानं काही म्हटलं नसतं. तेच मला सहन झालं नसतं.

आणि मुलींचा विचार कर. जिंकल्या तर जन्मभर ऐकतील, सरांच्या बहिणीनं जिंकवलं. हरल्या तर म्हणतील, आमच्या सरांना बेंचवरून उठवलं आणि त्यांच्याच बहिणीनं हरवलं. वर्षभर पहाटे उठून धावलेल्या पोरींच्या वाट्याला हे का? त्यांना त्या खुर्चीत तू हवास. टाइमआउटला तुझ्याकडे धावत यायची सवय आहे त्यांना, सहायकाकडे नाही. तो पोरगा चांगला आहे, पण अजून स्वतःच घाबरून पाणी पितो.

तेव्हा सचिवांना मी नाही म्हणून सांगून टाकलं. ते खट्टू झाले. म्हणाले, "ताई, नियम माणसांसाठी असतात." मी म्हटलं, म्हणूनच मोडत नाही, माणसं बघतायत. फायनल लांब्या करणार आहे. मीच सुचवलं. त्याचं नातं दोन्हीकडे कुणाशी नाही, मी खात्री करून घेतली.

आता एक गोष्ट, जी आपण दोघं कधी बोललो नाही. तुझी टीम एका गुणानं हरली होती ती फायनल. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. तुझ्या त्या ठेंगण्या मुलीनं अर्ध्या मैदानावरून बास्केट केलं, सगळं सभागृह उठलं, आणि मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. संघटनेच्या सभासदानं प्रेक्षकांत बसलं तरी कुठल्याच टीमसाठी टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, पंचांच्या निर्णयावर मान हलवायची नाही. सामना संपल्यावर तू माझ्यासमोर आलास, घामानं भिजलेला, आणि म्हणालास, "बाकी जाऊ दे, तू एक टाळी तरी वाजवायचीस." मी तुला कलमाचा आकडा सांगितला. तू मान डोलावलीस आणि निघून गेलास. त्यानंतर माझ्याकडे काही मागितलंच नाहीस. मला कळायचं तुला काय वाटतंय ते. ताईला नियम जास्त जवळचे. तसं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी दार लावून, उशीत तोंड खुपसून ओरडले होते, त्या ठेंगणीच्या बास्केटसाठी. मांजर पलंगाखाली गेलं, ते सकाळपर्यंत बाहेर आलं नाही. पण नियम पाळायचा तर तो दुखतो तिथेही पाळायचा, नाहीतर ते पाळणं कसलं? तेव्हा मी बरोबरच वागले. आज पुन्हा तशीच वागले असते.

म्हणून आज सकाळी मी सचिवांच्या दुकानात गेले आणि खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांमध्ये जागा करून माझा राजीनामा ठेवला. शिट्टीचा नाही, सभासदत्वाचाच. त्यांना वाटलं मी रागावले. "ताई, हंगाम संपला की तुम्हाला निरीक्षक करायचं ठरलंय, असा सोन्यासारखा मान कुणी लाथाडतं का?" मी म्हटलं, लाथाडत नाहीये, पुढे ढकलतेय. राजीनामा दिलेल्याला परत यायचं तर नव्या उमेदवारासारखी परीक्षा द्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. ते वाक्य नियमावलीत मीच घातलंय. देईन परीक्षा, वीस वर्षांच्या पोरांच्या मध्ये बाकावर बसून, आणि पहिली येईन. सचिवांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, पण मग आजच का? रविवारी, म्हटलं, मला एका सामन्याला जायचंय. तेव्हा छोट्या, रविवारी बेंचवर तूच बसायचंस, तू लिहून दिलेलं ते पत्र मी सचिवांना रद्द करायला लावलंय. आईला घेऊन मी तुझ्या बेंचच्या बरोबर मागे बसणार आहे. आता मी कुठल्या संघटनेची कुणी नाही, तुझी बहीण आहे, आणि मला कुणी गप्प बसवू शकत नाही. घसा बसेपर्यंत ओरडणार आहे. लांब्यानं तुमच्या विरुद्ध शिट्टी वाजवली तर त्याला चष्मा लावायलाही सांगेन. जेवून घे, झोप नीट, आणि त्या रडलेल्या मुलीला सांग की सर येतायत.

आता कुणाचीच पंच नसलेली,
तुझीच,
ताई