कमळाच्या पायाचं कुरूप

४ फेब्रुवारी २०१३
हसं झालं आज! कमळाच्या साखरेच्या गोळ्या आणायला ओरछा गेटजवळच्या दवाखान्यात गेलो होतो. म्हटलं, आलोच आहोत तर पायही दाखवू. डॉक्टरांना सांगितलं – "इनके पैर में कुरूप है." डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, "बाबूजी, इस उमर में पैर की सुंदरता कौन देखता है!" कंपाउंडर हसला, बाकावरचे पेशंट हसले. कमळानं पाय साडीत ओढून घेतला. मी तिचा दंड धरला आणि बाहेर पडलो. गोळ्याही घ्यायच्या राहिल्या.

चाळीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो, अर्धं आयुष्य हिंदीत गेलं, आणि हा शब्द आडवा यावा! आपलं कुरूप म्हणजे करंगळीखालची ती कडक गाठ. यांचं कुरूप म्हणजे फक्त विद्रूप. गाठीला हे लोक गोखरू म्हणतात – हे रिक्षावाल्यानं सांगितलं. तेव्हा परत फिरायला हवं होतं. कमळा म्हणाली सुद्धा, "चला ना परत, अहो." पुन्हा त्या बाकासमोरून जायचं? छे!

५ फेब्रुवारी
मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणली. मीच चिकटवली. पाकिटावर लिहिलंय, गाठ आपोआप गळून पडते. डॉक्टर हवेत कशाला?

९ फेब्रुवारी
पट्टी ओली झाली होती. दुसरी लावली. दुखत नाही म्हणते. म्हणजे उतार आहे.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या तिवारींच्या मुलीचं लग्न. इथली न्हावीण, चंपा नाईन, आली होती, सगळ्या बायकांच्या पायांना महावर, म्हणजे आपला आळता, लावायला. कमळालाही बसवलं. मी अंगणात पेपर वाचत होतो. चंपाचा आवाज आला – "अम्मा, जो रंग हमाओ नइयां." हा रंग माझा नाही, म्हणत होती.

उठून पाहिलं. महावर पायाच्या कडेनं होता. पाटावर मात्र तळव्याखाली वेगळाच ओलावा, काळपट लाल. पट्टी कुठंतरी निघून पडलेली, आणि गाठीच्या जागी खड्डा. बोट जाईल एवढा!

ओरडलो तिच्यावर. सगळ्यांदेखत. "तुला कळलं कसं नाही? स्वतःचा पाय आहे ना?" ती म्हणाली, "दुखलंच नाही हो."

१४ फेब्रुवारी
दिवसभर भटकंती. चामडीच्या डॉक्टरनी हाडाच्याकडे पाठवलं. हाडाचे म्हणाले, आधी साखर उतरवा. शेवटी तिथल्या सिस्टरला दया आली. म्हणाली, ग्वाल्हेरच्या एक मॅडम दर शनिवारी येतात, फक्त पायच बघतात. पायाचा वेगळा डॉक्टर असतो हे मला सत्तरीत कळतंय! चिठ्ठी लागत नाही. सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा, जुने रिपोर्ट आणि रोजची चप्पल बरोबर न्यायची.

१६ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी आधी चप्पल उलटी करून पाहिली – कुठं झिजलीय ते. मग कमळाला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला टेकवत गेल्या. लागला की "हाँ" म्हणायचं. दहा जागा. कमळा दोनदाच "हाँ" म्हणाली.

"साखरेनं नसा मेल्यात," असं सांगितलं. "दर्द नहीं होता, यही तो बीमारी है, बाबूजी." मग जखमेच्या कडेची मेलेली कातडी पात्यानं सोलून काढली. कमळा शांत बसून खिडकीकडे बघत होती. मलाच बघवेना.

पट्टीत तेजाब असतं म्हणे. साखरेच्या माणसाला ती विषच. "किसने लगाई थी?" मी तोंड उघडायच्या आत कमळा म्हणाली, "हमने खुद लगाई."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. खरं बोललो नाही.

लालीभोवती त्यांनी पेनानं रेघ काढून दिलीय. लाली रेघेबाहेर गेली तर शनिवारची वाट बघायची नाही, तसंच ग्वाल्हेरला निघून यायचं. इन्फेक्शन करंगळीवर थांबलं तर ठीक, वर चढलं तर पाऊल जाईल. घरातही अनवाणी चालायचं नाही. यावरून कमळा अडली – देवापुढे चप्पल कशी घालू? शेवटी कापडी कोऱ्या सपाता आणल्या, फक्त देवघरासाठी.

१८ फेब्रुवारी
रेघेच्या आत.

१९ फेब्रुवारी
आत. सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन बघतो. कमळा हसते. म्हणते, "लग्नात एवढं निरखलं नव्हतंत."

२० फेब्रुवारी
बाहेर. दोन बोटं बाहेर! अंगात ताप. निघतोय.

२१ फेब्रुवारी
करंगळी काढली. पाऊल वाचलं म्हणतात.

तिला रात्रीच सांगितलं – माझ्या लाजेपायी गेलं तुझं बोट. त्याच दिवशी मागे फिरलो असतो तर! ती म्हणाली, "झालं ते झालं. पण चारचौघांत ओरडलात, ते नको होतं." बोटाचं काहीच नाही. ओरडल्याचं लागलं तिला. आणि मला वाटत होतं तिला काही कळत नाही.

९ मार्च
ड्रेसिंग. जखम भरत आलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज आप भी जूते उतारिए." म्हटलं, मला काही झालेलं नाही. कमळा म्हणाली, "बसा हो गुपचूप." त्यांनी तोच दोरा काढला. डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला तरी काही नाही. वैतागून म्हटलं, "अजी, शुरू तो कीजिए!"

डोळे उघडले. डॉक्टरीणबाई दोरा पेटीत परत ठेवत होत्या, आणि कमळा रडत होती.